लेखक म्हणतोय माझा जुना ड्राफ्ट अर्काइव्हमधून काढा, काढायचा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की एका छोट्या टेक्निकल ग्रुपचा सगळ्यांना खुला अर्काइव्ह आहे, त्यात स्पेसिफिकेशनचे चारेकशे ड्राफ्ट आहेत, आणि एका लेखकाचा मेल आलाय की माझा सहा वर्षांपूर्वीचा ड्राफ्ट काढून टाका, त्यातलं डिझाइन चुकलं होतं, आता मी दुसऱ्या कंपनीत आहे आणि माझं नाव सर्च केलं की तेच पहिलं वर येतं. तुम्हाला दोन गोष्टी हव्यात, याला काय उत्तर द्यायचं आणि पुढच्या वेळी डोकं खाजवत बसायला लागू नये म्हणून पॉलिसीत काय लिहायचं.

मी बरीच वर्षं असाच एक ड्राफ्ट अर्काइव्ह सांभाळतोय, आधी एकटाच होतो, आता तिघं आहोत. काढून टाका असे मेल वर्षाला चार-पाच तरी येतात. आणि खरं सांगायचं तर त्यातल्या बहुतेकांना ड्राफ्ट काढायचा नसतोच, त्यांना एवढंच हवं असतं की हे माझं आजचं मत आहे असं कुणी समजू नये. हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत, आणि तुमच्या लेखकाचा प्रॉब्लेम मला तरी दुसऱ्या प्रकारचा वाटतोय. तुम्ही 'डिलीट करू की नको' यावर अडकलाय, पण त्याला डिलीटने जे मिळेल ते एक पाटी लावूनही मिळतंय.

आधी 'काढणं' हा शब्द सोडवून घ्या, कारण मेलमध्ये सगळे तोच एक शब्द वापरतात आणि प्रत्येकाच्या मनात वेगळं असतं. एक म्हणजे चालू ड्राफ्टच्या यादीतून काढणं, फाइल जागेवरच राहते पण 'सध्या यावर काम चालू आहे' या रांगेत दिसत नाही. दुसरं, सर्च इंजिनला सांगणं की हे पान दाखवू नका, ज्याच्याकडे लिंक आहे त्याला उघडतं, नाव शोधणाऱ्याला सापडत नाही. तिसरं, मजकूर काढायचा पण त्या जागी 'इथे अमुक ड्राफ्ट होता, अमुक तारखेला काढला' अशी पाटी ठेवायची, याला टूम्बस्टोन पेज म्हणतात. आणि चौथं, काही नव्हतंच असं करून टाकायचं. पहिली दोन मी लेखकाच्या एका मेलवर करून देतो. तिसऱ्याला कारण लागतं. चौथं मी करत नाही, एकदा केलं होतं, त्याची गोष्ट खाली आहे.

मुदत संपणं आणि काढून टाकणं यातही लोकांचा घोळ होतो, आणि तो घोळ जुना आहे. इंटरनेटची स्टँडर्ड्स बनवणाऱ्या आयईटीएफचंच बघा ना. १९९६ च्या आरएफसी २०२६ मध्ये (आरएफसी म्हणजे नंबर देऊन प्रसिद्ध केलेला त्यांचा दस्तऐवज) सरळ लिहिलेलं होतं की सहा महिने बदल न झालेला ड्राफ्ट डिरेक्टरीतून काढला जाईल, आणि वर अशी ताकीद की कुठल्याही पेपरात किंवा टेंडरमध्ये ड्राफ्टचा संदर्भ देऊ नका, कुणी 'आमचं प्रॉडक्ट या ड्राफ्टप्रमाणे आहे' असा दावाही करू नये. म्हणजे मूळ कल्पना अशी की ड्राफ्ट म्हणजे फळ्यावरचं लिखाण, पुसायचं आणि पुढे जायचं. आज काय चित्र आहे? मुदत अजून आहेच, १८५ दिवसांची, पण मुदत संपलेला ड्राफ्ट त्यांच्या डेटाट्रॅकर या साइटवर सगळ्या आवृत्त्यांसकट वाचता येतो, फक्त 'एक्सपायर्ड' असा शिक्का असतो. आणि आता खुल्या अर्काइव्हमधून एखादा खरोखर काढायचा तर रस्ता फार अरुंद ठेवलाय, लेखकाला नकोसा झाला एवढं पुरत नाही, कोर्टाच्या आदेशासारखं कारण लागतं. पुसण्यापासून सुरू झालेली पद्धत ठेवण्यापर्यंत का आली हे समजून घेतलंत तर तुमची अर्धी पॉलिसी तिथेच लिहून होते.

का आली, तर लोक ड्राफ्ट वाचून थांबत नाहीत, त्यावर कोड लिहितात. सगळ्यात भारी उदाहरण एसएसएल ३.० चं आहे, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधलं बोलणं गुप्त ठेवायची पद्धत. नेटस्केप या ब्राउझर कंपनीने १९९६ मध्ये तो ड्राफ्ट म्हणून टाकला, मुदत संपली, तो स्टँडर्ड कधी झालाच नाही, टीएलएस त्याच्या जागी आला. पण ब्राउझर आणि सर्व्हर वर्षानुवर्षं एसएसएल ३ बोलत राहिले, आणि कुणाला ते नेमकं कसं चालतं बघायचं तर हातात काय, मुदत संपलेला ड्राफ्ट. शेवटी ऑगस्ट २०११ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी, निव्वळ नोंद राहावी म्हणून तो आरएफसी ६१०१ या नंबराने 'हिस्टॉरिक' असा शिक्का मारून छापला. आणि २०१४ मध्ये त्यात पूडल नावाची मोठी फट सापडली, २०१५ मध्ये आरएफसी ७५६८ ने 'हे वापरूच नका' सांगितलं. आता मला सांगा, तो जुना मजकूर कुणी चुकीचा आहे, लाज वाटते म्हणून गायब केला असता तर नेमकं काय मोडलंय हे लोकांनी कशावरून वाचलं असतं? चुकीचं डिझाइन असलेला ड्राफ्ट जास्त जपायचा असतो, कारण तो चुकीचा आहे हे दाखवायला तोच लागतो.

वेबसॉकेटचंही तसंच, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमध्ये सतत चालू राहणारं कनेक्शन. ७६ नंबरचा ड्राफ्ट २०१० मध्ये ब्राउझरमध्ये गेला, मग त्यात प्रॉक्सीवरून (मध्ये बसलेला सर्व्हर) सिक्युरिटीची भानगड निघाली, फायनल आरएफसी ६४५५ डिसेंबर २०११ ला आला तो बराच वेगळा. पण मधल्या काळात ज्यांनी सर्व्हर लिहिले त्यांना जुन्या ब्राउझरशी बोलायला तो ७६ समोर लागायचाच. फायनल आलं म्हणून आधीचं फेकून द्या असं होत नाही.

आणि एक गोष्ट जी लहान ग्रुपच्या लक्षात येत नाही, पेटंट. 'ही कल्पना अमुक तारखेला सगळ्यांसमोर मांडली गेली होती' याचा पुरावा म्हणून जुने ड्राफ्ट लागतात. कुणीतरी दहा वर्षांनी तीच कल्पना आपली म्हणून पेटंट घेऊन येतं तेव्हा अर्काइव्हमधली तारीख असलेली फाइल फार उपयोगी पडते. म्हणून तारीख, आवृत्तीचा नंबर आणि फाइल न बदललेली असणं या तीन गोष्टी मी मजकुरापेक्षाही जास्त जपतो. 'जुन्याच फाइलमध्ये जरा दुरुस्ती करून द्या ना' असाही मेल येतो. त्याला साफ नाही म्हणायचं. नवीन नंबराची नवीन आवृत्ती टाका, जुनी जशी आहे तशी.

आता माझी गोष्ट. सुरुवातीच्या काळात एका शुक्रवारी संध्याकाळी मेल आला, लेखक म्हणाला की कंपनीचे वकील मागे लागलेत, आजच्या आज ड्राफ्ट काढा. माणूस ओळखीचा, बिचारा घाबरलेला, मी लगेच फाइल उडवली आणि घरी गेलो. सोमवारी त्याच्या सहलेखिकेचा मेल, माझं काम मला न विचारता कसं काढलंत, आणि तिचं अगदी बरोबर होतं. बुधवारी आणखी एकाचा, की आमच्या कोडमधल्या कमेंटमध्ये ही लिंक आहे, आता ४०४ ('पान सापडत नाही') येतंय, साइट बंद झाली का. पुढच्या आठवड्यात कळलं की वकिलांचं म्हणणं भलत्याच ड्राफ्टबद्दल होतं, याच्याशी संबंधच नव्हता. मग बॅकअपमधून फाइल आणून ठेवली, पण सर्व्हरवर तिची तारीख नवीन पडली, आणि ही तीच फाइल आहे हे सिद्ध करायला माझ्याकडे चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, नव्हता. फाइल तीच होती हो, पण 'माझ्यावर विश्वास ठेवा' याला काय अर्थ आहे. तेव्हापासून प्रत्येक फाइल आली की तिचा एसएचए-२५६ हॅश (असाच एक चेकसम) वेगळ्या ठिकाणी लिहून ठेवतो, आणि एकट्याने कायमचं काही काढत नाही.

म्हणजे आत्तापर्यंतचं इतकंच, की लेखकाचा विचार बदलला, डिझाइन चुकलं, नोकरी बदलली, नवीन आवृत्ती आली, ही काढायची कारणं नाहीत, ही पाटी लावायची कारणं आहेत.

मग काढायचं कधी? काही वेळा काढावंच लागतं, आणि तिथे मी अजिबात घोळ घालत नाही. कुणाची खासगी माहिती चुकून आत आली असेल तर. आमच्याकडे एका ड्राफ्टच्या परिशिष्टात टेस्टचा लॉग चिकटवलेला होता, त्यात खऱ्या ग्राहकांचे ईमेल आणि आयपी अॅड्रेस होते, लेखकाच्या गावीही नव्हतं. तो मजकूर तासाभरात झाकला, मग तेवढा भाग काळा करून तीच आवृत्ती 'संपादित' अशी खूण करून परत लावली. (इथे एक पोटतिडकीने सांगतो, पीडीएफमध्ये काळा चौकोन काढला म्हणजे मजकूर गेला असं नाही, माऊसने सिलेक्ट करून कॉपी केलं की खालचं सगळं येतं. मजकूर खरोखर काढून नवीन पीडीएफ बनवा.) पासवर्ड किंवा एपीआय की (प्रोग्रामला आत शिरायची गुप्त किल्ली) आत राहिली असेल तरी झाकायचं, पण लेखकाला आधी सांगायचं की बाबा आधी ती किल्ली बदल, कारण ती एकदा बाहेर गेली ती गेली, तुम्ही काढलंत म्हणून ती गुपित होत नाही. दुसऱ्याचा मजकूर परवानगी न घेता उचललेला असेल, किंवा ज्याने टाकला त्याला तो टाकायचा अधिकारच नव्हता, म्हणजे मालकाचं कॉन्फिडेन्शियल होतं, तर तेही कारण. आणि कोर्टाचा आदेश, तिथे तर विषयच संपला.

कॉपीराइटचा आणि 'माझी माहिती पुसा' असा, हे दोन दावे परिस्थितीवर आहेत, आणि इथे मी छातीठोकपणे सांगणार नाही. कॉपीराइटचा दावा आला तर तुमचा सर्व्हर कुठल्या देशात, तुमची संस्था कुठे नोंदलेली, यावर पुढचं ठरतं. अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए कायद्याखाली नोटीस आली की होस्ट करणारा मजकूर खाली घेतो, मग टाकणाऱ्याने उलट नोटीस दिली आणि दावेदाराने केस केली नाही तर १० ते १४ कामाच्या दिवसांत तो परत वर जातो. युरोपातल्या माणसाने जीडीपीआर या डेटा-संरक्षण कायद्याच्या कलम १७ वरून 'माझी माहिती पुसा' म्हटलं तर साधारण महिन्याच्या आत उत्तर द्यावं लागतं, पण त्याच कलमात सार्वजनिक हितासाठीच्या अर्काइव्हला सूट आहे, पुसण्याने अर्काइव्हचा हेतूच मोडत असेल तेव्हाची. तुमचा ग्रुप त्या सुटीत बसतो का हे मी इथे बसून सांगू शकत नाही, ते वकिलालाच विचारा, आणि मेल आल्यावर नको, आत्ताच विचारून ठेवा.

आणि याहून मोठी परिस्थिती म्हणजे ड्राफ्ट टाकताना लेखकाने काय मान्य केलं होतं. काढण्याची पॉलिसी सबमिट करायच्या फॉर्मपासूनच सुरू होते. आयईटीएफमध्ये ड्राफ्ट टाकला की तो ठेवायचे आणि वाटायचे हक्क आयईटीएफ ट्रस्टला मिळतात, २००८ चा आरएफसी ५३७८ यावरच आहे, आणि हे ड्राफ्टच्या पहिल्याच पानावर छापलेलं असतं. आर्काइव्ह (arXiv) नावाचा प्रीप्रिंट सर्व्हर, म्हणजे जर्नलमध्ये छापून येण्याआधीचे पेपर ठेवणारा, १९९१ पासून चालणारा, तिथेही पेपर एकदा जाहीर झाला की पूर्ण पुसत नाहीत, लेखकाला 'मागे घेतला' अशी नवीन आवृत्ती टाकता येते, आधीच्या आवृत्त्या वाचता येतच राहतात. तुमच्या फॉर्ममध्ये असं वाक्य आहे का बघा. नसेल तर आजच टाका, पण प्रामाणिकपणे, जुन्या चारशे ड्राफ्टना ते मागून लागू होत नाही. ज्यांचे ड्राफ्ट असं काही न सांगता घेतलेले आहेत त्यांच्याशी मी जरा सैल वागतो, अडून बसत नाही, पाटी ठेवून मजकूर काढायचीही तयारी ठेवतो जर सगळ्या लेखकांचं एकमत असेल आणि त्यावर कुणी काही बांधलेलं दिसत नसेल तर. नवीन लोकांशी नियमाने.

ठरवणार कोण, हे लिहिलं नाही तर पॉलिसी कागदावरच राहते. आमच्याकडे असं आहे की तात्पुरतं झाकणं कुणीही एक जण लगेच करू शकतो, विचारायची गरज नाही, कारण ते परत उघडता येतं. कायमचं काढायला दोघांची सही लागते आणि त्यात ज्याने झाकलं तो एकटा चालत नाही. चौदा दिवसांत निर्णय झाला नाही तर झाकलेलं आपोआप उघडतं, फक्त खासगी माहितीचं असेल तर नाही. ही मुदत मुद्दाम घातली, कारण 'बघू नंतर' म्हणून झाकलेले दोन ड्राफ्ट वर्षभर तसेच पडून होते आणि कुणालाच आठवत नव्हतं का झाकले. सहलेखक असतील तर सगळ्यांना कळवायचं, एकाच्या सांगण्यावर सगळ्यांचं काम जात नाही. एकाला फक्त आपलं नाव नको असेल तर पुढच्या आवृत्तीत काढा, जुन्यात राहू द्या. यात एक मोठा अपवाद, माणसाने स्वतःचं नावच बदललं असेल, कारण काहीही असो, तर जुन्या पानांवरही नवीन नाव लावून द्यावं आणि त्याची जाहिरात करू नये, मूळ फाइल आत ठेवा. तिथे 'इतिहास जसाच्या तसा' हा हट्ट मला बरा वाटत नाही.

पाटीवर काय लिहायचं? ड्राफ्टचं नाव आणि नंबर, कधी आला, कधी काढला, कारण कुठल्या प्रकारचं (खासगी माहिती, कॉपीराइट, कोर्ट, लेखकांची विनंती), आणि निर्णय कुणी घेतला, म्हणजे व्यक्ती नको, भूमिका लिहा. सविस्तर कारण नको, नाहीतर 'यात अमुकचा फोन नंबर होता म्हणून काढलं' असं लिहून तुम्ही शोधणाऱ्याला दिशाच देता. लिंक तीच ठेवायची. सर्व्हरने ४०४ द्यायचा नाही, तो 'माहीत नाही' म्हणतो. ४१० द्यायचा, तो 'होतं, आता नाही' म्हणतो, आणि सर्च इंजिनलाही तो स्पष्ट कळतो. कायद्याच्या कारणाने काढलं असेल तर ४५१ आहे, २०१६ च्या आरएफसी ७७२५ मध्ये तो खास यासाठीच आणलाय. डीओआय (कायमचा ओळख-नंबर) देत असाल तर तो कधीच रद्द करायचा नाही, तो पाटीकडे वळवायचा, झेनोडोसारखे मोठे अर्काइव्ह हेच करतात.

मूळ फाइल आम्ही आत एका बंद जागी ठेवतो, त्याला डार्क अर्काइव्ह म्हणतात, दोघांनाच किल्ली. उद्या कोर्टाने किंवा लेखकानेच विचारलं तर दाखवायला. खासगी माहितीचं असेल तर तेही नाही, तिथे काळी केलेली प्रतच ठेवायची आणि मूळ बॅकअपमधूनही जायला हवी, आणि बॅकअप किती दिवसांनी फिरतात हे तुम्हाला माहीत असायला हवं (मला दोन वर्षं माहीत नव्हतं).

गिटवर (फाइलींचे सगळे बदल साठवणारं सॉफ्टवेअर) असाल तर वेगळी डोकेदुखी. फाइल डिलीट करून कमिट केलं तरी ती हिस्टरीत असतेच, हिस्टरी पुन्हा लिहिली तर पुढचे सगळे हॅश बदलतात आणि ज्यांनी क्लोन (पूर्ण प्रत) घेतलंय त्यांच्याकडे जुनं राहतंच. मिरर (तुमच्या साइटची प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या साइट) असतील तर त्यांनाही वेगळं कळवावं लागतं, ऐकतील असं नाही. म्हणून लेखकाला कधीही 'इंटरनेटवरून गेलं' असं वचन देऊ नका, 'आमच्या साइटवरून अमुक तारखेला काढलं' एवढंच लिहा. आम्ही एका माणसाला आधीचं वाक्य लिहिलं होतं आणि त्याने तीन महिन्यांनी दुसऱ्या साइटवरची लिंक पाठवून विचारलं की हे काय.

तुमच्या माणसाचं आता. त्याच्या मेलमध्ये खासगी माहिती नाही, कॉपीराइट नाही, कुणी कोर्टात गेलेलं नाही, त्यामुळे मी मजकूर काढणार नाही. पण त्याचा त्रास खोटा नाहीये, नाव सर्च केल्यावर सहा वर्षांपूर्वीची चूक पहिली दिसणं कुणालाच आवडणार नाही, तेवढं आपल्या हातात आहे. त्या पानाला नोइंडेक्स ('हे सर्चमध्ये दाखवू नका' अशी खूण) लावा, पीडीएफला लावायचं तर सर्व्हरच्या हेडरमधून लागतो, पानातल्या टॅगने होत नाही, आणि रोबोट्स फाइलमधून (सर्च इंजिनने कुठे जाऊ नये हे सांगणारी फाइल) ते पान अडवू नका, नाहीतर सर्च इंजिनला नोइंडेक्स वाचताच येणार नाही. ड्राफ्टच्या पानावर, फाइलमध्ये नाही, वरती ठळक लिहा की मुदत संपलेला आहे, लेखकाने मागे घेतलाय, वापरू नका. आणि त्याला विचारा की काय चुकलं होतं ते दोन परिच्छेदांत लिहून देशील का, नवीन आवृत्ती म्हणून टाकतो, तुझ्याच नावाने. सहलेखक असतील तर हाच मेल त्यांना सीसीत.

मेल मी असा लिहीन: 'तुमचं म्हणणं समजलं. ड्राफ्टवर इतरांचं काम अवलंबून असू शकतं म्हणून आम्ही मजकूर काढत नाही, पण आजपासून तो सर्चमधून काढतोय, काही आठवड्यांत दिसेनासा होईल, आणि पानावर मागे घेतल्याची नोंद लावतोय. नोंदीचा मजकूर खाली दिलाय, बदल हवा असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा. त्यात खासगी किंवा कंपनीचं गोपनीय काही असेल तर लगेच सांगा, मग आम्ही आधी झाकू आणि नंतर बोलू.' शेवटचं वाक्य गाळू नका, कारण बरेचदा खरं कारण तेच असतं आणि पहिल्या मेलमध्ये लोक ते लिहीत नाहीत.